धार लागते, पण टिकत नाही: जुन्या करवतीच्या चाकूचं दुखणं नेमकं कुठे असतं

हिवाळा लागला की आमच्या जळगाव जिल्ह्यात शेताशेतात भरिताचे बेत सुरू होतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बाजूला कांद्याची पात, मिरची, लसूण चिरायला बसायचं. तीस-चाळीस माणसांची पात चिरायची म्हणजे चाकू कसा आहे ते दहा मिनिटांत कळतं. मागच्या हिवाळ्यात सावद्याकडच्या एका शेतात असाच बेत होता. तिथला एक तरुण स्वतः बनवलेला चाकू घेऊन माझ्याजवळ आला. वखारीतल्या जुन्या करवतीचं पातं, बाभळीची मूठ, तीन पितळी रिबिटी. हात खरोखर चांगला होता पोराचा. चेहरा मात्र पडलेला.

"आबा, धार लागस, पन टिकस नई."

रात्री दगडावर लावली तर कागद सरसर कापतो, आणि सकाळी दोन जुड्या पात चिरली की टोमॅटोच्या सालीवरून घसरतो. त्याने तीन वेगवेगळे दगड घेऊन पाहिले होते. पॉलिश पेपर, कोरा कापड, सगळं करून झालं होतं. मी चाकू उन्हात धरून तिरका केला. टोकापासून दोन बोटं मागे, धारेच्या अगदी कडेला, मोरपिसासारखी निळसर झाक अजून शिल्लक होती. मग विचारलं, "आकार कुठे दिलास?" म्हणाला, "फॅब्रिकेशनवाल्याकडे, ग्राइंडरवर. निळं पडलं होतं, ते मी घासून काढलं."

ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता सविस्तर लिहावंच असं वाटलं. मी भुसावळला रेल्वेत फिटर होतो. कानस, छिन्नी, व्हाईस यांतच आयुष्य गेलं, आणि जुन्या पात्यांचे चाकू बनवणं हा माझा जिवाभावाचा छंद आहे. धार टिकत नाही म्हणणारे बहुतेक जण दोष दगडाला देतात. दगड बदलतात, कोन बदलतात, शेवटी चाकू अडगळीत टाकतात. दुखणं बहुतेक वेळा पात्यात असतं, आणि ते धार लावायच्या कितीतरी आधीच लागलेलं असतं. लोहार ज्याला लोखंडाचं 'पाणी' म्हणतात, म्हणजे तापवून-बुडवून आणलेला कडकपणा, ते उतरलेलं असतं किंवा मुळात चढलेलंच नसतं. म्हणून दगडाला हात लावण्याआधी पातं तपासा. खर्च काही नाही, पाच मिनिटं लागतात.

कानशीची परीक्षा

एक चांगली, नवीन, बारीक दातांची कानस घ्या. झिजलेली कानस खोटं सांगते. पातं व्हाईसमध्ये किंवा लाकडी फळीवर घट्ट धरा आणि कानशीची कड हलक्या हाताने तीन ठिकाणी चालवा: मुठीजवळ, मध्यभागी आणि टोकाजवळ. पाठीवर नाही, धारेच्या शक्य तितकं जवळ. कानस काचेवरून गेल्यासारखी घसरली आणि आवाज बारीक, टणक आला, तर तिथे पाणी शाबूत आहे. कानस रुतली आणि कीस निघाला, तर तिथलं लोखंड मऊ आहे. मधला प्रकारही असतो. कानस लागते, पण नाखुशीने, जोर द्यावा लागतो. बहुतेक जुन्या करवती या मधल्या प्रकारात बसतात.

त्या पोराच्या चाकूवर मुठीजवळ कानस नाखुशीने लागली. टोकाकडे साबणात गेल्यासारखी रुतली. म्हणजे एकाच पात्यात दोन दुखणी होती.

पहिलं दुखणं करवतीचं स्वतःचं. सुतार करवतीचे दात तिकोनी कानशीने काढतो ना? मग कानस ज्याला दात काढू शकते, ते लोखंड कानशीपेक्षा मऊ असणारच. कानस साधारण ६२ ते ६५ रॉकवेल (हे कडकपणा मोजायचं माप) कडक असते. सुताराची जुनी करवत ४५ ते ५० च्या आसपास असते, कारण तिला वाकायचंही असतं. स्वयंपाकघरातला चाकू ५५ ते ६० च्या दरम्यान हवा. म्हणजे करवतीचं पातं जसंच्या तसं कापून चाकू केला तर तो तुटणार नाही, गंजाशिवाय दुसरा त्रास देणार नाही, पण धार लवकर जाणार. ही त्या लोखंडाची चूक नव्हे. त्याला दुसऱ्याच कामासाठी पाणी दिलेलं होतं. करवतीच्या लोखंडात कार्बन साधारण ०.७ ते ०.९ टक्के असतो, म्हणजे नव्याने पाणी दिलं तर ते चांगलं कडक होऊ शकतं. ही मोठी जमेची बाजू.

दुसरं दुखणं ग्राइंडरचं. त्याबद्दल जरा सावकाश बोलू.

निळं पडणं म्हणजे काय

कडक केलेलं कार्बनचं लोखंड तापवलं की त्याच्या स्वच्छ पृष्ठभागावर रंग चढत जातात. साधारण २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, गव्हाच्या काडीसारखा. २४० ला गडद पिवळा, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० च्या आसपास निळा. पुढे राखाडी. हे रंग म्हणजे पृष्ठभागावर जमलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. रंगाने स्वतः काही बिघडत नाही, पण तो सांगून जातो की आत उष्णता कुठवर पोहोचली होती. निळ्या रंगापर्यंत गेलेलं लोखंड स्प्रिंगसारखं होतं: लवचीक, चिवट, पण धारेसाठी मऊ.

इथेच सगळे फसतात. निळा रंग पॉलिश पेपरने दोन मिनिटांत निघतो, आणि वाटतं की दुरुस्त झालं. रंग गेला, मऊपणा तिथेच राहिला. घासून काढलेलं निळेपण हे पुसून टाकलेल्या पावतीसारखं आहे. कर्ज फिटलेलं नसतं. म्हणून कुणी चाकू आणला की मी विचारतो, घासायच्या आधी रंग कसा होता?

आणि रंग चढायला किती वेळ लागतो? पात्याची पाठ एक मिलिमीटर जाड असेल तर धारेकडे ती पाव मिलिमीटरही नसते. तेवढ्या लोखंडात उष्णता साठायला जागाच नाही. ग्राइंडरचं चाक टेकवलं की दोन-तीन सेकंदांत कड निळी होते, आणि आपली बोटं पाठीवर असल्याने आपल्याला काही जाणवत नाही. म्हणून माझा आग्रह हाताच्या हत्यारांचा आहे. करवतीचं लोखंड कानशीने कापलं जातं, मग ग्राइंडर हवाच कशाला? आकार हॅकसॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने काढा, पातं फळीला दोन क्लँपने बांधा आणि पाठीकडून धारेकडे निमुळता होणारा उतार कानशीने द्या. एका संध्याकाळी होत नाही, तीन संध्याकाळी होतं. कानशीने पातं कोमट होतं, यापेक्षा जास्त नाही.

ग्राइंडर वापरायचाच असेल तर पातं उघड्या हाताने धरा, हातमोजा नको. बाजूला पाण्याची बादली ठेवा. एकदा चाक फिरवलं की एकदा बुडवा. बोटाला चटका बसायच्या आत. हातमोजा घातला की हा इशाराच बंद होतो. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच. उतार शेवटपर्यंत ग्राइंडरवर नेऊ नका. कड अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असताना थांबा, बाकीचं दगडावर, पाण्यात.

निळं पडलं असेल तर पुढे काय? कानशीने तपासत तपासत मऊ भाग कुठे संपतो ते पाहा. कडेचा एक-दोन मिलिमीटरच मऊ असेल तर तो पट्टा ओल्या दगडावर घासून टाका, आत शाबूत लोखंड मिळेल. चाकू थोडा अरुंद होईल, पण काम होईल. मऊ पट्टा त्याहून मोठा असेल तर घासत बसू नका. पुन्हा पाणी द्यावं लागेल.

आधी पातं कशाचं ते ओळखा

पाणी द्यायच्या आधी एक थांबा. 'जुनं पातं' या एका नावाखाली लोक काय काय आणतात ते पाहिलं तर अर्ध्या तक्रारींचं कारण तिथेच सापडतं.

हाताच्या हॅकसॉचं पातं, ते बारा इंची, अर्धा इंच रुंद. जेमतेम ०.६५ मिलिमीटर जाड. त्याचा छोटा चाकू होतो, कलमं बांधायला, सुतळी कापायला उत्तम. पण त्यात दोन जाती आहेत. एक सगळं कडक, वाकवलं की काडकन तुटतं. दुसरं लवचीक, ज्यात फक्त दातांची पट्टी कडक असते, पाठ स्प्रिंगसारखी. बायमेटल म्हणतात तेही यातलंच, पाठीच्या लोखंडाला हायस्पीड स्टीलची, म्हणजे तापलं तरी कडक राहणाऱ्या पोलादाची, बारीक पट्टी जोडलेली. आता लोक काय करतात, दात नको म्हणून ते सगळे घासून टाकतात आणि त्याच बाजूला धार काढतात. दातांबरोबर ती कडक पट्टीही गेली! उरलं ते मऊ. मग धार टिकणार कशी? या जातीत दातांच्या खाचा पुरत्या जाईपर्यंतच घासायचं, त्याखालचा कडक पट्टा जितका राहील तितका राखायचा. फार रुंद नसतोच तो.

लाकूड कापायच्या नव्या करवतींत दात काळसर-निळसर दिसतात. ते निळेपण कारखान्यातलं आहे. दातांची टोकं विजेने तापवून कडक केलेली असतात. त्यांना कानस लागत नाही, पण त्यामागचं पातं नेहमीच्या करवतीसारखंच मऊ. दात बघून 'अख्खं पातं कडक आहे' असं समजू नका.

मशीनच्या हॅकसॉचं पातं, वर्कशॉपमध्ये मोटरवर चालतं ते रुंद, जाड पातं, ही वेगळीच वस्तू. ते पुष्कळदा पूर्ण हायस्पीड स्टीलचं असतं. याला निळं पडण्याची भीती जवळपास नाही. या लोखंडाचं पाणी ५५० अंशांच्या आसपास बसवलेलं असतं, त्याच्या खाली रंग कितीही चढो, कडकपणा जात नाही. पण कानस लागत नाही, साध्या ड्रिलने भोक पडत नाही, आणि ते ठिसूळ असतं. भोक पाडण्यासाठी मुठीकडचा भाग लाल करून थंड होऊ दिला तर हवेतच पुन्हा कडक होतो, कारण ही जात हवेतही पाणी धरते. म्हणून रिबिटींचा नाद सोडा. लाकडाला चीर देऊन त्यात एपॉक्सीने बसवा आणि वरून सुतळी घट्ट गुंडाळा. आणि हे पातं तोडताना व्हाईसमध्ये नुसतं वाकवू नका. तुकडा गोळीसारखा उडतो. ग्राइंडिंग व्हीलने खाच पाडा, वर जाड गोणपाट टाका, चष्मा घाला, मगच तोडा.

ही जात ओळखायची खूण म्हणजे ठिणगी. क्षणभर चाकावर टेकवा. करवतीच्या लोखंडातून पांढऱ्या-पिवळ्या, टोकाला फुटणाऱ्या, फुलबाजीसारख्या ठिणग्या निघतात. हायस्पीडच्या ठिणग्या थोड्या, मंद, तांबूस असतात आणि फुटत नाहीत. एकदा दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्या की विसरत नाही माणूस.

मार्बल कटरची हिऱ्याच्या भुकटीची कड असलेली किंवा लाकूड कटरची कार्बाइडची टोकं लावलेली गोल पाती, यांच्या मधल्या चकतीबद्दल खात्री नसते. काही चांगली निघतात, काही साधं लोखंड. साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो, त्याला हजारदा बुडवलं तरी ते कडक होणार नाही.

म्हणून मी कुठल्याही अनोळखी पात्याची आधी एक बोटभर पट्टी कापतो. ती लाल करून तेलात बुडवतो, कानस फिरवून पाहतो, मग गोणपाटात गुंडाळून तोडतो. कानस घसरली आणि तुटलेली कड बारीक, राखाडी, राखेसारखी मऊसर दिसली तर पातं कामाचं, आणि उष्णताही बरोबर. कड साखरेच्या दाण्यांसारखी चमकली तर लोखंड जास्त तापलं होतं. पट्टी न तुटता वाकली तर ते पातं चाकूसाठी नाही, त्याचं दाराचं बिजागर करा. चाकू पूर्ण बनवून मग हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. माझे पहिले दोन चाकू मी ही पट्टी न तोडताच बनवले होते, आणि दोन्ही वाया गेले.

पाणी देताना

गावातल्या लोहाराला विळ्याला पाणी देताना पाहिलंय का? तो फक्त धारेची कड पाण्यात बुडवतो, बाहेर काढतो, दगडाने चटकन घासून उजळ करतो आणि नजर लावून बसतो. पाठीतली धग हळूहळू धारेकडे सरकते, कडेवर पिवळा रंग येतो, आणि त्याच क्षणी तो पुन्हा बुडवतो. पाणी देणं आणि उतरवणं, दोन्ही एका दमात. ती विद्या मोठी आहे. पण ती गाडीच्या कमानपाट्याच्या जाड लोखंडाला चालते. त्यात धग साठून राहते, आणि कार्बन ०.५ ते ०.६ टक्के असल्याने ते बेतशीर पाणी सोसतं. करवतीचं पातं एक मिलिमीटर जाड. त्यात मागे धग उरतच नाही, आणि पाण्यात टाकलं तर तडा जातो किंवा सापासारखं वळतं. लोहाराची नक्कल करून कित्येकांनी चांगली पाती तडकवली आहेत.

पातळ पात्याला तेल घ्या. आमच्या भागात सरकीचं तेल सहज मिळतं, ते चांगलं. शेंगदाण्याचंही चालतं. दोन-तीन लिटर, पातं उभं बुडेल अशा पत्र्याच्या खोल डब्यात. प्लास्टिकचा डबा चुकूनही नको. तेल आधी कोमट करा, बोट क्षणभरच टेकवता येईल इतपत, पन्नास-साठ अंश. थंड तेल घट्ट असतं, पात्याची उष्णता नीट ओढत नाही. जवळ डब्यावर बसेल असं झाकण आणि वाळूची बादली ठेवा. तेलाने पेट घेतला तर झाकण टाकायचं. पाणी मारायचं नाही, जळतं तेल पाण्याने उसळतं. पात्यावरचा रंग किंवा जस्ताचा मुलामा भट्टीत टाकण्यापूर्वी पूर्ण काढा, त्याचा धूर छातीला बाधतो.

भट्टीला बाभळीचा कोळसा आणि हातभाता पुरेसा. पातं कोळशात सपाट, सगळीकडे सारखं तापेल असं. किती तापवायचं याला चुंबकासारखा दुसरा गुरू नाही. लोखंड साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासं होतं. तारेला बांधलेलं चुंबक पात्याला लावून पाहत राहा. चिकटणं बंद झालं की तिथून थोडंसं पुढे, ८०० च्या आसपास, अर्धा-एक मिनिट, आणि मग तेलात.

आता खानदेशातल्या माणसासाठी खास सूचना. हे काम दिवसा, उघड्यावर करू नका. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ऊन ४५ अंशांवर जातं, आणि त्या झगझगीत उजेडात लाल झालेलं लोखंड काळंच दिसतं. माणूस म्हणतो अजून तापलं नाही, अजून भाता मारतो, आणि डोळ्यांना लाल दिसेपर्यंत पातं फार पुढे गेलेलं असतं. मग दाणा मोठा होतो आणि धारेच्या कपच्या उडतात. तापलेल्या लोखंडाचा रंग बघायला सावलीच हवी. दिवे लागायच्या वेळी, छपराखाली. एका माणसाने माझ्याकडे धारेला दातरे पडलेला चाकू आणला होता. त्याने सगळं बरोबर केलं होतं, फक्त दुपारी दोन वाजता शेताच्या बांधावर.

तेलात पातं टोकाकडून सरळ उभं घाला आणि सुरीने लोणी कापल्यासारखं धारेच्या दिशेने पुढे-मागे हलवा. आडवं, बाजूला हलवलंत तर वाकतं. एक मिलिमीटरचं पातं तरीही थोडं वाकू शकतं. तेलातून काढल्यावर काही क्षण ते अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत असतं, तेवढ्यात दोन सपाट लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबून धरा. आणि म्हणूनच अशा पातळ पात्याचा उतार आधी पूर्ण काढू नका. पाणी द्या, मग उतार ओल्या दगडावर काढा. वेळ लागतो, पण कड वळत नाही.

बाहेर आलेलं पातं काचेसारखं असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. त्याच दिवशी त्याचं पाणी थोडं उतरवायचं, उद्यावर टाकायचं नाही. घरी ओव्हन असेल तर २०० अंशांवर एक तास, थंड होऊ द्या, पुन्हा एक तास. नसेल तर जाड तव्यात दोन बोटं वाळू घाला, मंद आच करा, पातं पॉलिश पेपरने चकचकीत करून वाळूवर ठेवा आणि नजर हलवू नका. भाजी चिरायच्या चाकूला फिकट पिवळा आला की उचला. केळीचे घड उतरवायला, पानं तोडायला वापरायचा असेल तर तपकिरीपर्यंत जाऊ द्या, कारण त्याला मार खायचा आहे. मूठ सगळ्यात शेवटी. आमच्याकडे जुने लोक राळ आणि विटेची भुकटी गरम करून मुठीत ओतायचे. अजूनही ते चांगलं बसतं, फक्त पातं पुन्हा तापवायची पाळी येऊ नये.

पातं शाबूत, तरी धार जाते?

कानस सगळीकडे घसरते, तरी दोन दिवसांत चाकू बोथट. अशा वेळी पहिला संशय धारेवरच्या झालरीवर घ्या. दगडावर घासताना कड पातळ होत जाते आणि शेवटी लोखंडाची एक सूक्ष्म झालर एका बाजूला वळून उभी राहते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. ती अत्यंत तीक्ष्ण असते. कागद कापते, हातावरचे केस काढते, आणि आपण खूश होतो. पहिल्या कांद्याबरोबर ती आडवी पडते किंवा तुटते. धार 'गेली' असं वाटतं, खरं तर ती आलीच नव्हती.

बर डोळ्यांना दिसत नाही. पण आपल्या खानदेशात ती पकडायचं साधन घरोघरी आहे. कापसाच्या बोंडातली थोडीशी रुई घ्या आणि धारेच्या दोन्ही बाजूंनी, पाठीकडून धारेकडे, अलगद ओढा. जिथे तंतू अडकतो तिथे बर आहे. ती काढायला जोर लावू नका, जोरानेच ती झाली. बारीक दगडावर एक फटका या बाजूने, एक त्या बाजूने, प्रत्येक वेळी दाब कमी करत. शेवटचे फटके नुसत्या चाकूच्या वजनाने. मग जुन्या चामडी पट्ट्यावर उलटा हात, धार मागे ठेवून, दहा-पंधरा वेळा. रुई दोन्हीकडून सरळ निघून गेली की झालं.

दुसरा संशय कोनावर. फार निमुळती कड लवकर मोडते. अंश मोजायला यंत्र लागत नाही. पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश इतकी पाठ दगडापासून उचलली की कोन साधारण २० अंश होतो. एक चतुर्थांश उचलली तर १५ च्या जवळ. पातं ३० मिलिमीटर रुंद असेल तर १० मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी दगडाच्या कडेला ठेवा, हाताला सवय लागेपर्यंत. भाजीला १५ ते २०, शेतातल्या दणक्याच्या कामाला २५.

आणि तिसरं, वापर. स्टीलच्या ताटात किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरत असाल तर जगातला कुठलाही चाकू टिकणार नाही, लाकडी पाट घ्या. केळीचा चीक पात्यावर वाळू देऊ नका. तो लोखंडाला काळं करतो आणि त्यावर धूळ धरते. लिंबू, चिंच, कैरी चिरून चाकू तसाच ठेवला तर आंबटपणा आधी खातो ती कडच, कारण तिथलं लोखंड सगळ्यात पातळ. धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा. जूनपासून पुढे तर रोज.

त्या सावद्याच्या पोराच्या चाकूचं काय झालं ते सांगायचं राहिलं. रिबिटी कापून मूठ काढली, संध्याकाळी माझ्या छपराखाली भट्टी लावली. चुंबक त्याने धरलं, भाता मी मारला. तेलातून काढलं तेव्हा पातं किंचित डावीकडे वळलं होतं, पट्ट्यांत दाबून सरळ केलं. वाळूवर फिकट पिवळा आला. दुसऱ्या दिवशी कानस टोकापासून मुठीपर्यंत एकाच आवाजात घसरली. धार काढायला त्याला अख्खा रविवार लागला, कारण आता लोखंड दगडाला सहज दाद देत नव्हतं. महिनाभराने भेटला तर म्हणाला की आई अजून त्याच धारेवर चिरते आहे, मधे फक्त पट्ट्यावर फिरवला.

परवा तो पुन्हा आला. यावेळी चाकू नव्हता. खिशातून कागदाची पुडी काढली, आत बोटभर पट्टीचे दोन तुकडे. कुठल्याशा आरा मशीनच्या मोडीतून आणलेलं पातं, त्याने आधीच पाणी देऊन तोडून पाहिलं होतं. मी चष्मा लावून कड पाहिली. बारीक, राखाडी, एकसारखी.

"आबा, करू का सुरू?"

"कर," म्हटलं. "आणि कानस नवी घे."